चाळीसाचे पाच

‘शिल्पमार्ग’ नावाचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीला अकरा वर्षांनी अचानक प्रश्न पडला, की आपलं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या माणसांना नेमकं हवंय तरी काय? अकरा वर्षांत माणसाचं लग्न होतं, पोरगं शाळेत जातं आणि त्या शाळेशी भांडूनसुद्धा होतं. पण असो, प्रश्न पडला हेच खूप झालं. कंपनीने इंटरनेटवर एक ‘इच्छा-फलक’ उघडला. आपली इच्छा लिहायची, दुसऱ्याची आवडली तर तिला मत द्यायचं, आणि ज्या पाच इच्छांना सगळ्यात जास्त मतं पडतील त्या पुढच्या आवृत्तीत पूर्ण. निकाल नाशिकला, त्र्यंबक रोडवरच्या एका हॉटेलात, जेवणासकट.

जेवणासकट म्हटल्यावर अंबडच्या औद्योगिक वसाहतीत इच्छांना काय तोटा!

शिल्पमार्गचं काम तसं साधं. कॉम्प्युटरवर दाराची नक्षी काढायची, आणि मशीनच्या कटरने लाकडावर कुठून कुठे, किती खोल, किती वेगाने फिरायचं तो रस्ता आखून द्यायचा. मशीन बिचारं आंधळं. दिलेल्या रस्त्याने जातं, मध्ये लाकूड आहे की लोखंड ते बघत नाही. त्यामुळे रोज त्याच्यापुढे उभ्या राहणाऱ्या माणसाच्या इच्छा फार लहान असतात. ‘श्री’ कापायला दिला तर त्याचे तीन तुकडे पडू नयेत. लाइट गेली तर काम थांबलं तिथूनच पुन्हा सुरू व्हावं. असल्या. पण लायसन्स असतं मालकाच्या नावावर, म्हणून मतही मालकाचं, आणि मालकांच्या इच्छा मोठ्या असतात.

अंबडच्या एका गाळ्यातला हर्षल पाट्या बनवतो. त्याला नुसतं तोंडाने बोललं की मशीनने कापायला हवं होतं. सातपूरच्या एका दारवाल्याला कामाची वेळ दोन तऱ्हेने दाखवणारं सॉफ्टवेअर हवं होतं, एक खरी आणि दुसरी गिऱ्हाइकाला सांगायची. एक महाशय तर चोरीची कॉपी वापरत होते. फुकटच्या कॉपीलाही अपडेट मिळावं, अशी त्यांची नम्र विनंती, तीही मित्राच्या लायसन्सवरून, पण खाली स्वतःचं नाव आणि मोबाइल नंबर देऊन. आणि या सगळ्यांच्या पुढे, चौदाशे बारा मतं घेऊन, देशभरातल्या मालकांची एकमुखी मागणी होती की कॉम्प्युटरचा पडदा काळा असावा, पांढरा डोळ्यांना खुपतो. महिन्यातून एकदा त्या पडद्याकडे बघणाऱ्यांच्या डोळ्यांना खुपतो म्हणे!

फलकाच्या अगदी तळाशी तीन मतांची एक इच्छा पडून होती. ‘मी टाकलेला आकडा मला न विचारता बदलू नये.’

ती उज्वलाची होती.

उज्वला शेवाळे रोज नाशिक रोडहून स्कूटीवर अंबडला येते. निरगुडे वुडक्राफ्टमध्ये नऊ वर्षं ती देवघरांची आणि दारांची डिझाइनं काढते आणि मशीनचे प्रोग्रॅम बनवते. मालक शेखर निरगुडे. सगळे त्यांना शेठ म्हणतात आणि त्यांना ते आवडतं. शेठनी आयुष्यात शिल्पमार्ग एकदाच उघडलं होतं, नऊ वर्षांपूर्वी दसऱ्याला मशीनच्या पूजेच्या दिवशी, फोटोपुरतं. त्यांचं लॉगिन तेव्हापासून उज्वलाकडे. पासवर्ड शेठच्या गाडीचा नंबर, आणि तो कॉम्प्युटरच्या कडेला चिकटवलेला. तेव्हा फलकावर ती इच्छा जरी उज्वलाने लिहिली असली, तरी नाव लागलं होतं शेखर निरगुडे यांचं.

आता ही इच्छा आली कुठून ते ऐका.

मार्चमध्ये लासलगावच्या एका कांदा व्यापाऱ्याच्या बंगल्याचं दार कापायला लावलं होतं. सागाची अखंड जाड फळी आणि तिच्यावर पैठणीच्या पदरासारखे दोन मोर. मशीनवर होता भिकन सोनवणे. बावन्न वर्षांचा, सटाण्याकडचा, चौदा वर्षं त्याच मशीनवर. बोलणं कमी. जे बोलायचा ते आमच्यातुमच्यासारखं, पण मनातलं काही निघालं की अहिराणीत निघायचं.

भिकनच्या दोन सवयी होत्या. सकाळी आल्यावर तो भिंतीवरच्या कॅलेंडरचं कालच्या तारखेचं पान फाडायचा. ते पातळ पान फळीवर ठेवून कटर हळूहळू खाली आणायचा, आणि पान ओढून बघायचा. पान अडकलं की समजायचं, टोक लाकडाला टेकलं. काल त्याच्या हिशेबी रोज असा उपयोगी पडायचा. दुसरी सवय म्हणजे हवेतली फेरी. कुठलंही नवं काम सुरू करताना आधी कटर वर उचलून, लाकडाला न लावता, सगळा रस्ता एकदा मोकळ्या हवेत फिरवायचा आणि स्वतः बंद करायच्या लाल बटणावर हात ठेवून बघत उभा राहायचा. पंधरा-वीस मिनिटं जायची, पण चौदा वर्षांत त्याच्या हातून एक काम बिघडलं नव्हतं.

त्या दिवशी व्यापाऱ्याचा टेम्पो दारात उभा होता. शेठ ओरडले, “भिकन, हवेत काय फिरवतोस रे? पतंग उडवतोस का? चल, लाव कापायला!”

भिकनने लावलं.

एका मोरावरून दुसऱ्या मोराकडे जाताना कटर फळीच्या वर किती उचलायचा, त्या उंचीला मशीनवाले ‘सेफ झेड’ म्हणतात. उज्वलाने चाळीस मिलिमीटर टाकले होते. फळी आवळून धरणारे लोखंडी क्लॅम्प होते पंचवीस उंचीचे. चाळीसवरून कटर त्यांच्या डोक्यावरून निवांत जातो. पाचवरून गेला तर सरळ जाऊन आपटतो. त्या दिवशी तो पाचवरून गेला. असा आवाज झाला की शेजारच्या हर्षलच्या गाळ्यातली माणसं पळत आली. कटर फुटला, मोराची मान तुटली, आणि कटरचा एक तुकडा उडून भिकनच्या डाव्या भुवईवर बसला. सात टाके पडले. डोळा वाचला तो नशिबाने.

शेठनी चौकशी केली. चौकशीला दीड मिनिट लागलं. “क्लॅम्प कुणी लावला? भिकनने. मग चूक कुणाची? भिकनची.” हे त्यांनी सगळ्या कारखान्यापुढे, भिकनच्या डोक्याला रुमाल बांधलेला असतानाच सांगितलं. दुसऱ्याच दिवशी भिकनला मशीनवरून काढून मागच्या शेडमध्ये बसवलं. हातात पॉलिश पेपर दिला, आणि दिवसभर देवघरांचे पाय घासायचं काम दिलं. भिकनने पेपर घेतला आणि घासायला बसला.

तिसऱ्या दिवशी दार पुन्हा करायचं म्हणून उज्वलाने ती फाइल उघडली. सेफ झेड पाच! आपण चाळीस टाकले होते ना? टाकले होते. मग लहान मोरपिसांसाठी शेवटी कटर बदलला होता. तिने पुन्हा चाळीस टाकले आणि यादीतून कटर बदलला. चाळीसाचे पाच झाले. ना घंटी, ना लाल अक्षर. तिने सात वेळा करून बघितलं, सातही वेळा झाले. नवा कटर निवडला की सॉफ्टवेअर आपल्या पोटातला आकडा गुपचूप वर आणून ठेवत होतं.

म्हणजे भिकनची चूक नव्हती. सॉफ्टवेअरची होती. आणि कटर बदलल्यावर एकदा नजर टाकायला हवी होती ती जिने टाकली नाही, तिची होती.

ती तडक शेठच्या केबिनमध्ये गेली. शेठनी सगळं ऐकून घेतलं, दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. “हे बघ उज्वला, सांगायचं तर खुशाल सांग. पण मग फळीचं खापर कुणाच्या डोक्यावर फुटतं ते बघ. प्रोग्रॅम कुणी केला होता? भिकनचं काय, त्याला बसून काम मिळालंय. तुझं कशाला उगाच नाव यायला हवं?”

उज्वला बाहेर आली. भिकन मागच्या शेडमध्ये भुवईवर पट्टी घेऊन घासत बसला होता. मान वर करून म्हणाला, “ताई, च्या झाला का?”

“झाला,” उज्वला म्हणाली, आणि आपल्या खुर्चीवर जाऊन बसली.

बस, एवढंच. घरी कुकरची शिट्टी झाली तरी दचकावं अशी तिची अवस्था झाली. चार महिने ती रोज त्या शेडवरून जात होती, आणि रोज भिकन चहाचं विचारत होता, आणि रोज ती ‘झाला’ म्हणत होती. कधी कधी झालेला नसायचा.

पण पहिला महिना सरतानाच तिने एक तोडगा काढला. कंपनीनेच आपली चूक कबूल केली, तर? म्हणजे भिकनचीही नाही, आपलीही नाही. सगळ्यांचे हात धुतलेले. आपल्याला कुणासमोर उभं राहून काही बोलायलाच नको! तिने कंपनीला सविस्तर पत्र लिहिलं. उत्तर आलं, आठ दिवसांत. ‘आपल्या मोलाच्या निरीक्षणाबद्दल आभारी आहोत. सदर बाब ही त्रुटी नसून सॉफ्टवेअरची नियोजित वागणूक आहे. वागणुकीत बदल हवा असल्यास कृपया इच्छा-फलकावर नोंद करावी.’ घ्या! कटर फुटला, माणसाची भुवई फुटली, ती नियोजित वागणूक. आणि ते पुन्हा होऊ नये ही आमची हौस.

तिने नोंद केली. दीड महिन्यात मतं पडली तीन. एक शेठच्या लॉगिनचं, म्हणजे तिचंच. बाकी दोन बहुधा कुणाचं बोट घसरल्यामुळे पडलेली.

निकालाला पंधरा दिवस उरले, तेव्हा उज्वलाच्या डोक्यात प्रकाश पडला. तिचा सासरा दोनदा पतसंस्थेच्या निवडणुकीत पडला होता आणि तिसऱ्यांदा निवडून आला होता. मतं येत नसतात, आणावी लागतात, हे त्या घरात लहान पोरालाही माहीत होतं. आणि अंबड-सातपूरमध्ये आणखी एक गोष्ट जगजाहीर होती. मालकांचे पासवर्ड मालक सोडून सगळ्यांना पाठ असतात. कुठे मुलीचं नाव आणि एक-दोन-तीन, कुठे देवाचं नाव आणि एक-दोन-तीन. मालकांच्या नावाने मशीनवाले रोज लॉगिन करतात, फाइली काढतात, अपडेट घेतात. मग मत द्यायला काय कुणी वेगळा मुहूर्त काढून देणार होतं?

तिने जेवणाच्या सुट्टीत फिरायला सुरुवात केली. पाथर्डी फाट्यापर्यंत एकेक गाळा, एकेक टपरी. भाषण नाही, पत्रक नाही. ऑपरेटरला बाजूला घेऊन ती एवढंच विचारायची, “दादा, तुमच्याकडे कधी चाळीसाचे पाच झालेत का?”

आणि काय सांगावं! प्रत्येकाकडे एक गोष्ट होती. कुणाचं दार गेलं होतं, कुणाचा कटर. सातपूरच्या एकाच्या अंगठ्याचं नख गेलं होतं. प्रत्येकाला त्याच्या मालकाने सांगितलं होतं, की चूक तुझी आहे. आणि गंमत म्हणजे प्रत्येकाने ते खरं मानलं होतं. एक पन्नाशीचा माणूस तिच्यापुढे उभा राहून म्हणाला, “म्हणजे माझं डोकं जाग्यावर होतं म्हणा की!” आणि त्याने तिथल्या तिथे मालकाच्या नावाने मत ठोकलं.

मशीनवाल्यांच्या ‘सीएनसी परिवार नाशिक’ नावाच्या ग्रुपवर इतके दिवस गुलाबाच्या फुलांसकट शुभ सकाळ यायची. तिथे आता मतमोजणी येऊ लागली. कुणाचा मेहुणा कोल्हापुरात मशीनवर, कुणाचा गाववाला राजकोटला. पै-पाहुण्यांना फोन गेले. काळा पडदा चौदाशेवर अडकला, आणि चाळीसाचे पाच चढत चढत शेवटच्या दिवशी एकोणीसशेच्या पुढे गेले. एकोणीसशे मालकांनी एकदिलाने एक मागणी केली होती, आणि त्यांपैकी एकालाही ती ठाऊक नव्हती.

या सगळ्या धावपळीत उज्वला एका माणसाशी मात्र बोलली नाही. त्याच्याकडे लॉगिन नव्हतं, असं तिने स्वतःला सांगितलं.

हॉटेलात शंभरेक मालक आले होते. इस्त्रीचे शर्ट, कपाळाला गंध. ऑपरेटरांना बोलावणं नव्हतं. सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांच्या मेळाव्यात ते वापरणाऱ्यांचं काय काम? उज्वलाला शेठनी बरोबर घेतलं, कारण कुणी काही विचारलं तर उत्तर देणारं कुणीतरी हवं. ती शेवटच्या रांगेत बसली. कंपनीतर्फे ललित नावाचा तिशीतला अधिकारी आला होता, गळ्यात ओळखपत्र आणि चेहऱ्यावर न मावळणारं हसू.

ललितने पाचव्या नंबरपासून सुरुवात केली. चौथा झाला, तिसरा झाला. दुसरा काळा पडदा निघाला तशी मालकमंडळी एकमेकांकडे बघू लागली. मग पहिला कोण? शेठ शेजाऱ्याला कोपराने ढोसून म्हणाले, “माझं आहे बघ.” त्यांची स्वतःची इच्छा वेगळीच होती. लग्नाच्या पंगतीत बसल्याबसल्या मोबाइलवर ऑपरेटर काय करतोय ते दिसावं, ही. तिला अकरा मतं होती.

“आणि पहिल्या क्रमांकाचे मानकरी,” ललित म्हणाला, “निरगुडे वुडक्राफ्टचे श्री. शेखर निरगुडे!”

शेठ टाळ्यांच्या गजरात वर गेले. शाल अंगावर आली, नारळ हातात आला, आणि मगच मागच्या पडद्यावर ती इच्छा झळकली. ‘मी टाकलेला आकडा मला न विचारता बदलू नये.’ शेठनी ती वाचली. पुन्हा वाचली. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद तसाच राहिला, फक्त डोळे भिरभिरत शेवटच्या रांगेपर्यंत आले आणि उज्वलावर थांबले. उज्वला खाली बघू लागली.

“दोन शब्द बोला ना सर,” ललितने माइक पुढे केला. “ही मागणी आपल्याला का सुचली?”

शेखर निरगुडेंची एक गोष्ट मानायला हवी. माइक हातात आला की त्यांना सगळं सुचतं.

“मित्रहो,” शेठ म्हणाले, “आमच्याकडे एक कारागीर आहे, भिकन. चौदा वर्षं मशीनवर. देवमाणूस! मार्चमध्ये या सॉफ्टवेअरने चाळीसाचे पाच केले, गुपचूप. कटर क्लॅम्पला धडकला आणि माझ्या भिकनचं रक्त सांडलं. सात टाके! मी स्वतः त्याला या हातांनी उचलून दवाखान्यात नेलं.” नेलं होतं हर्षलच्या पोराने, मोटरसायकलवर. “मित्रहो, मी विचारतो, यात भिकनची काय चूक? काडीची नाही! त्याच दिवशी मी ठरवलं, की माझ्या माणसाला न्याय मिळाल्याशिवाय हा शेखर निरगुडे स्वस्थ बसणार नाही!”

टाळ्या थांबेनात. पडद्यावर मत देणाऱ्यांची नावं सरकत होती. ज्याला स्वतःचं नाव दिसत होतं तो आधी चमकत होता, मग घसा साफ करून शेजाऱ्याला सांगत होता, “अरे, मी तर पहिल्यापासून म्हणतोय.” हर्षल तर उभा राहून म्हणाला, की हा आमचा जीवनमरणाचा प्रश्न आहे. त्याच्या मशीनवाल्याने त्याचं मत सोमवारीच टाकून ठेवलं होतं.

ललितला आता दुसरा मार्गच नव्हता. त्याने माइक घेतला. “होय, कटर बदलल्यावर आकडा बदलत होता. ही आमच्याकडून झालेली चूक आहे.” सगळ्यांसमोर तो स्पष्ट म्हणाला. “पुढच्या आवृत्तीत आकडा बदलण्याआधी एक चौकट येईल आणि तुम्हाला विचारेल. आणि हो, सारखं सारखं विचारल्याचा कंटाळा आला, तर खाली एक खूण ठेवतोय. ‘पुन्हा विचारू नका.’”

या खुणेला शेठच्या भाषणापेक्षाही जास्त टाळ्या पडल्या.

जेवताना उज्वलाने शेठना गाठलं. “शेठ, मग उद्या भिकनभाऊ मशीनवर ना?”

शेठ गुलाबजाम संपवत होते. “अगं, ते भाषण होतं,” ते म्हणाले.

पण भाषणाचं चित्रण हर्षलने हौसेने ग्रुपवर टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहाला निरगुडे वुडक्राफ्टच्या दारात पंधरा-वीस ऑपरेटर जमले, त्यांच्यामागे चार-दोन मालकही. सगळ्यांना तो भिकन बघायचा होता. “शेठ, कुठे आहे तुमचा देवमाणूस?” आता देवमाणूस मागच्या शेडमध्ये पाय घासतोय, हे कुठल्या तोंडाने सांगणार? शेठनी खोकल्यासारखं केलं आणि आत हाक मारली, “ये रे भिकन! घे तुझं मशीन. झालं गेलं विसरून जा.”

‘विसरून जा’ म्हणणारा माणूस नेहमी तोच असतो, ज्याच्याकडे लक्षात ठेवण्यासारखं काही नसतं.

भिकन आला. कोपरापर्यंत हात भुशाने माखलेले, भुवईवर पांढरी रेघ. मशीनपुढे उभा राहिला. चार महिने भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं कुणी फाडली नव्हती. तिथे अजून मार्चच होता. त्याने ते बघितलं, बोटं पुसली, आणि एकेक करून चार महिने फाडले. एक पान ठेवलं, बाकीची टोपलीत टाकली. ऑपरेटर लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेठनीही वाजवल्या, फोटो निघत होता. मग चहा संपला, आणि सगळे आपापल्या गाळ्यात गेले.

उज्वला नव्या देवघराच्या दाराची फाइल घेऊन आली. तिला वाटलं होतं की आज छातीवरचा दगड उतरेल. कंपनीने कबूल केलं होतं, शेठनी कबूल केलं होतं, भिकन मशीनवर उभा होता. सगळं तिने ठरवलं होतं तसं झालं होतं, आणि तरी पेनड्राइव्ह पुढे करताना तिने भिकनच्या तोंडाकडे बघितलं नाही.

भिकनने तो घेतला. “ताई, सेफ झेड किती?”

“चाळीस.”

“पाहिलं?”

“पाहिलं. कटर बदलल्यावर दोनदा पाहिलं.”

भिकनने मान हलवली. फाइल मशीनमध्ये घातली. क्लॅम्प आवळले. कॅलेंडरचं पान फळीवर ठेवून कटर खाली आणू लागला. पुढे काही विचारलं नाही. त्याने विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं उज्वलाला वाटलं. त्याच्या त्या गप्प पाठीकडे बघून तिला राहवेना.

“भिकनभाऊ.” आवाज फाटला तिचा. पलीकडच्या दोघा सुतारांनी हातातलं काम थांबवलं. “मार्चमध्ये नव्हतं पाहिलं. प्रोग्रॅम माझा होता. कटर बदलला आणि मी नजर टाकली नाही. तिसऱ्या दिवशी मला कळलं. शेठना सांगितलं, कंपनीला सांगितलं, सगळ्या अंबडला सांगत फिरले. तुम्हाला नाही सांगितलं. घाबरले मी. मला माफ करा.”

केबिनच्या काचेआड शेठ फोनवर बोलत होते. नवं मशीन कधी येणार ते कुणाला तरी सांगत होते. त्यांना काही ऐकू गेलं नाही.

भिकनने पान ओढून बघितलं. अडकलं. ते सोडवून त्याने घडी घालून खिशात ठेवलं, आणि कटर वर उचलला, हवेतल्या फेरीसाठी. लाल बटणावर हात ठेवला. मग तिच्याकडे न बघता बोलला, अगदी हळू.

“माले माहीत व्हतं, ताई. मशीन बंद पडनं तवय पडदावर झेड पाचच व्हता. मी त्याच दिन पाहेल व्हतं.”

“तुम्हाला माहीत होतं? पहिल्या दिवसापासून?” उज्वलाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच्यावर रागही आला. “मग चार महिने पाय का घासत बसलात? बोलला का नाहीत?”

कटर हवेत पहिल्या वेलीवरून फिरू लागला, लाकडाला न शिवता. भिकनची नजर त्याच्यावरून हलली नाही.

“माले कोनी इचारं?” तो म्हणाला.